पेवातलं दार

भावजी जेवायला बसले की दार लावून घेतात. असली रीत आमच्या गावात कधी नव्हती. दिवसाउजेडी दार लागायचं ते घरात मढं असलं तर, नाहीतर बाई अडलेली असली तर. घास खाताना कुणी दार ओढलं तर शेजारीण येऊन विचारायची, काय गं, डुक्कर कापलंत वाटतं, वाससुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही का. आता विचारायला कुणाला तोंड उरलेलं नाही, कारण सगळ्या गावात दार आहे ते एकट्या कामुलोभावजींकडे. बाकी आम्ही सगळे काटक्यांच्या कुडाआड, वर ओलं गवत टाकून बसलेले. आमच्या आणि जगाच्या मध्ये काही असलंच तर ती वाऱ्यानं उडणारी राख. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझ्या लग्नात ते इतके लहान होते की माझ्या मांडीवर बसून त्यांनी पोळ्यातला मध खाल्ला आणि चिकट हात माझ्या नव्या वस्त्राला पुसले. सगळे हसले. मी नाही हसले. माणूस हात कुठं पुसतो हे मी तेव्हापासून बघत आले.

आज दुपारी मी आमच्या जुन्या घराच्या जागेवर राखेतून खिळे वेचत बसले होते. घर जळतं, खिळा राहतो. निळा पडतो, वाकतो, पण दगडावर ठेवून ठोकला की नव्या तुळईला चालतो. बोटं राखेत खुपसली की आधी गार लागतं, मग खाली कुठंतरी उगाच कोमट लागल्यासारखं होतं, आणि इतक्या महिन्यांनी कोमट कसं असेल असं म्हणत मी आणखी खोल हात घालते. तर तसा हात घातलेला असताना वरच्या आळीतून आवाज आला. बुटका, जड, पोटातून आलेला. लाकडात लाकूड बसल्याचा. आणि माझं तोंड आपोआप उघडलं, कारण माझा लेक तोगिर घरात आला की टाचेनं दार ढकलायचा, दोन्ही हात मोकळे असले तरी टाचेनंच, आणि मी चुलीपासूनच म्हणायची, हात काय गहाण टाकलेस रे. ते शब्द घशापर्यंत आले. मान वळलीसुद्धा. वळून पाहिलं तर मागं दार नाही, भिंत नाही, तोगिर नाही. खाली तळं, तळ्यापलीकडं बर्फाचे डोंगर, आधीपासून होते तसे निर्लज्ज उभे. तोंडात राख गेली होती. मी थुंकले. पण ते शब्द थुंकता आले नाहीत, आणि मी पुन्हा खिळे वेचायला लागले.

आमची घरं रोमनांनी जाळली असती तर गोष्ट सोपी होती. आम्हीच जाळली. आम्ही हेल्वेती लोक, एका अंगाला जुऱ्याचा डोंगर, एका अंगाला ऱ्हाईन नदी, एका अंगाला तळं आणि रोमनांची हद्द. पुरुषांना वाटायला लागलं की इथं पाय पसरायला जागा नाही. पश्चिमेला, समुद्राकडं, मोठ्या सपाट जमिनी आहेत म्हणे. ज्यानं हे वेड डोक्यांत भरवलं तो निघायच्या आधीच मेला, पण वेड मेलं नाही. ठरलं की सगळ्यांनी निघायचं, आणि मागं वळायचा मोह नको म्हणून गावं पेटवायची, गाड्यांत मावेल तेवढं पीठ घ्यायचं आणि उरलेलं धान्यही आगीत घालायचं. काहीही मागं ठेवायचं नाही, दाणासुद्धा, अशी शपथ झाली. आमच्या कुळात प्रत्येक घराची चूल थोरल्या घरच्या विस्तवावर पेटते. थोरलं घर आमचं. आमचे हे गेल्यापासून विस्तव माझ्या हातात. ज्या हातानं चूल पेटते त्याच हातानं घर पेटावं असं म्हाताऱ्यांनी सांगितलं, म्हणून मशाल घेऊन घरोघर मीच फिरले. गवताची छपरं अशी पेटत होती जशी काही इतकी वर्षं वाटच बघत होती. पोरं नाचत होती. तोगिरनं आमच्या आगीत थुंकून म्हटलं, जा, बसा आता बोंबलत, म्हणजे घराला. त्याला समुद्र बघायचा होता.

भावजींच्या घराशी गेले तेव्हा चौकट रिकामी होती. त्यात नवल नव्हतं, त्या दिवशी सगळ्याच चौकटी रिकाम्या होत्या; दारं काढून सगळ्यांनी गाड्यांच्या बाजूला ठोकली होती, कारण ओकच्या फळ्यांइतकं भक्कम गाड्याला दुसरं काय लावणार. मला दिसलं ते वेगळं. आतली जमीन नुकती सारवलेली. ओल्या मातीचा वास येत होता, बोटांच्या रेघा ताज्या होत्या. जाळायच्या घराची जमीन कोण सारवतं? मला वाटलं, घराला निरोप देताना या माणसानं पुरुष असून जमीन सारवली, बायको नाही, पोर नाही, तरी सारवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं कौतुक वाटलं. ते म्हणाले, वहिनी, जरा हळू लावा, आत माझं लहानपण आहे. मी म्हटलं, त्याला गवताचंच छप्पर आहे, चटकन जाईल. दोघंही हसलो. ते हसणं आठवलं की आता मला माझ्या दातांची चीड येते.

पुढं वाटेत बघितलं तर त्यांच्या गाड्याला दार नव्हतं, काटक्यांचे विणलेले ताटे बांधलेले. विचारलं तर म्हणाले, वाळवी लागली होती, घराबरोबर जाऊ दिलं. तोगिर म्हणाला, काका, गाड्यात माणसं न्यायचीत का कोंबड्या? भावजी म्हणाले, तू बसणारेस ना, म्हणजे दोन्ही. असे ते. बोलण्यात कुणाला हार जात नाहीत. जुऱ्याच्या खिंडीत एका वेळी एकच गाडा जाई, एका बाजूला कडा आणि खाली नदी, आणि मी विस्तवाचं मडकं मांडीवर घेऊन बसलेली. राखेखाली निखारे झाकलेले, रोज सकाळ-संध्याकाळ फुंकायचे, लाकूड भरवायचं, तान्ह्या पोरासारखं. माझ्या सुनेच्या, बानोनाच्या मांडीवर खरंच तान्हं होतं, सुआदा. ती मला म्हणायची, आत्याबाई, तुमचं रडत नाही एवढं बरं.

आणि मग ती टेकडी. सगळा उन्हाळा रोमन आमच्या मागं होते, दिसत, दिसेनासे होत, पुन्हा दिसत, आणि त्या दिवशी दुपारी ते थांबले आणि आमचे पुरुष त्यांच्यावर चालून गेले. लढाई मी पाहिली नाही. बायकांना लढाई दिसत नाही, तिची मागची बाजू दिसते: पुरुष मागं येताना. दिवस कलला तेव्हा ते मागं येत येत गाड्यांपर्यंत आले, आणि गाड्यांचा कोट झाला, आणि त्या कोटाला आमच्या घरांची दारं. रोमनांचा भाला लोखंडी मानेचा, लाकडात घुसला की वाकतो, उपटत नाही. ते भाले दारांत बसायला लागले. धप्प, धप्प, धप्प. डोळे मिटले तर वाटावं की आळीतल्या सगळ्या घरांतून सगळी माणसं आत येऊन टाचेनं दारं लावतायत. मला त्या आवाजाचा धीर येत होता, हे खरं सांगते. जोवर आवाज येतोय तोवर मध्ये काहीतरी आहे. भावजींच्या गाड्याकडून मात्र आवाज येत नव्हता. ताट्यातून भाला जातो तेव्हा फक्त फाडल्यासारखं होतं, कापड टरकावं तसं. तोगिर आमच्या गाड्यामागं सुरक्षित होता. माझ्या डोळ्यांदेखत तो उठला, म्हणाला, काकाची बाजू उघडी आहे, आणि चाकांमधून वाकत पलीकडं गेला. मी त्याला हाक मारली नाही. उघड्या बाजूला जाऊन उभं राहायचं हे आमच्या घरात शिकवलेलं आहे, मीच शिकवलेलं. नंतर बानोना ओरडली त्यावरून मला कळलं. भावजींचा कान तुटला. माझ्या मांडीवर मडकं होतं आणि त्यातले निखारे जिवंत होते.

शस्त्रं टाकली, माणसं मोजली गेली, आणि रोमनांच्या सेनापतीनं हुकूम दिला की आल्या वाटेनं परत जा, जाळलंत ते बांधा. दया कसली, रिकामी जमीन दिसली की ऱ्हाईनपलीकडचे लोक येऊन बसतील, त्यापेक्षा हे मोडके शेजारी बरे. आम्ही त्यांचं कुंपण. गाडे त्यांनी ठेवून घेतले, म्हणजे दारंही गेली. शेजारच्या टोळीला हुकूम झाला की यांना खायला द्या, तर त्यांनी दिलं तसलं जव, अर्धं भूस आणि अर्धी शिवी. ते खाऊन जगता येतं, पेरता येत नाही. भिजत घातलं तर मोड येत नाही, वास येतो. पानगळ लागली. आता खपली गहू जमिनीत गेला नाही तर पुढच्या वर्षी रोमनांना दुसरं कुंपण शोधावं लागणार, हे गावातलं प्रत्येक माणूस जाणून होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तेव्हा भावजी उठले. सगळ्यांसमोर त्यांनी आपल्या घराच्या जागेवरची राख लोटली, पहारीनं जमीन ठोकत गेले, एका जागी पोकळ वाजलं. भाजून वीट झालेली माती त्यांनी फोडली. खाली दार. आडवं निजवलेलं, वरून थोडं काळवंडलेलं, पण अखंड, सासऱ्यांनी घडवलेलं ओकचं दार, कडीसकट. ते तिघाचौघांनी उचललं आणि खालून वास आला. कोरड्या धान्याचा वास. जळण्याआधीच्या सगळ्या वर्षांचा वास. पेव काठोकाठ भरलेलं, खपली, निवडलेलं बी, एकेक दाणा डोळ्यासारखा. बायका रडायला लागल्या. भावजी हसत होते आणि रडतही होते आणि सांगत होते की पेवावर काहीतरी भक्कम झाकण हवं होतं, पेटलं छप्पर अंगावर पडलं तरी न मोडणारं, ताट्यानं भागलं नसतं, म्हणून दार घातलं, वर वीतभर माती, आणि वरून सारवलं. ताट्यानं भागलं नसतं. हे त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही आपण काय बोललो ते. गावालाही ऐकू आलं नाही. मी बानोनाकडं पाहिलं, तीसुद्धा बीच बघत होती.

सुतार मातुगो, ज्यानं शपथेच्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं ओरडून सांगितलं होतं की दाणा लपवणाऱ्याचा हात तोडा, त्याच मातुगोनं वाडगाभर गव्हावर भावजींचं दार नव्या चौकटीत बसवून दिलं. उंबऱ्यावर आता सकाळपासून माणसं बसलेली असतात. कामुलोला कसं सुचलं बघा. कामुलोसारखे आणखी चार असते तर. जो शपथ मोडून बसला तो शहाणा, आणि ज्यांनी पाळली ते आम्ही भिकारी. मला जाळतं ते हे की त्यांचं म्हणणं खोटं नाही. सगळं गाव चुकलं आणि भावजी एकटे बरोबर निघाले. हे मी कुडाआड बसून पुन्हा पुन्हा उलटून पाहते, चुलीवरची भाकर उलटावी तसं, आणि दोन्ही बाजूंनी ते भाजलेलंच असतं. दार पेवावर नसतं तर बी नसतं. दार गाड्यावर असतं तर आवाज आला असता. एकच दार. दोन ठिकाणी ते असू शकत नव्हतं, आणि कुठं असावं हे एका माणसानं एका दुपारी गुपचूप ठरवलं, आणि जमीन सारवली, आणि मला वाटलं की हा निरोप आहे.

काल ते माझ्याकडं आले होते. बसायला दगडही न मागता उकिडवे बसले. म्हणाले, वहिनी, रागानं पोट भरत असतं तर तुम्ही आज सगळ्या गावाला जेवण घातलं असतंत. मी खिळे ठोकत राहिले. मग त्यांनी मुद्दा काढला. घरांवर छपरं चढतायत, उद्या चुली पेटवायच्या, विस्तव तुम्ही वाटणार. माझ्या दाराशी येऊन माझ्या चुलीत पहिला निखारा तुम्ही आपल्या हातानं ठेवा. मग पेव सगळ्या गावाचं. गावाला कुणीतरी पुढं उभं राहणारा लागेल, लोक मला म्हणतायत, पण थोरल्या घरच्या विस्तवाशिवाय ते खरं नाही. एवढं बोलून त्यांनी तुटक्या कानाला हात लावला. तो त्यांचा आता चाळाच झालाय. त्यांना चूल पेटवता येत नाही असं नाही. चकमक आहे, गेले काही दिवस चकमकीवरच त्यांचं शिजतं. पण चकमकीचा विस्तव म्हणजे कुणाचाच नाही. थोरल्या घरचा निखारा ज्या चुलीत नाही त्या घराला कुळाच्या कुरणात गुरं सोडता येत नाहीत, कुळात बसता येत नाही, मेल्यावर आमच्या शेजारी पुरत नाहीत. ते बरोबर निघाले होते, पण तेवढ्यानं त्यांचं भागत नव्हतं. ते बरोबर होते असं माझ्या हातानं म्हणायला हवं होतं.

ते गेल्यावर बानोना म्हणाली, आत्याबाई, द्या. मी पुढचा खिळा दगडावर ठेवला. ती म्हणाली, मला दूध येत नाही. मी जवाची पेज चोखायला देते ती ओकते. तुमचा ताठा पाजू का तिला? असं ती माझ्याशी कधी बोललेली नव्हती. मी पोरीकडं पाहिलं. सुआदाचे डोळे मोठे झालेत, खरं तर डोळे तेवढेच आहेत, बाकीचं लहान झालंय. हनुवटी तोगिरची. मी बानोनाला विचारलं, तो त्यांच्या गाड्यामागं का गेला होता, ठाऊक आहे ना तुला? ती म्हणाली, ठाऊक आहे. पेव उघडलं तेव्हाच कळलं मला. आणि मग पोरीच्या तोंडावरची माशी हाकलत म्हणाली, तो गेलाय, आत्याबाई, ही अजून जायचीये.

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. मला वाटत होतं मी एकटीच. ती बी बघत होती ते ऐकूनच बघत होती. माझ्याहून पुढं गेली ही पोर, आणि मला तिचा राग आला, आणि रागाच्या खाली कुठंतरी हात पोचला तिथं कोमट लागलं.

आज संध्याकाळी, सगळी छपरं अर्धीमुर्धी का होईना चढल्यावर, गाव माझ्या अंगणात जमलं. अंगण म्हणजे राखेतली मोकळी जागा. मी मडकं उघडलं, राख फुंकली. इतक्या वाटेनं गेलेला आणि आलेला विस्तव लाल डोळा करून माझ्याकडं बघत होता. एकेक बाई खापर पुढं करत गेली, मी एकेक निखारा ठेवत गेले, घराचं नाव घेत गेले. मातुगोच्या सुनेलाही दिला. ती लाजली, मी नाही बोलले काही, बोलण्यासारखे मातुगो गावात बरेच आहेत. शेवटी भावजी पुढं आले. खांद्यावरून बियाचं पोतं उतरवून त्यांनी माझ्या पायाशी ठेवलं, हळू, एखादं निजलेलं मूल ठेवावं तसं. नवं खापर पुढं धरलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, चला वहिनी, आमच्या दाराशी. गाव विस्तवाकडं बघत नव्हतं, पोत्याकडं बघत होतं.

मी म्हटलं, "तोगिर तुमच्या गाड्यामागं का उभा होता, भावजी?"

त्यांचा हात कानाकडं गेला. त्यांना ठाऊक होतं. आजपर्यंत मला वाटलं होतं त्यांना कळलं नसेल. त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं की ते दार पेवात घालून मोकळे झालेले नाहीत, ते त्या दिवसापासून रोज ते दार उचलून उभे आहेत. जेवताना लावून घेतात ते काही घास लपवायला नव्हे, तोंड लपवायला, हेही तेव्हा लक्षात आलं. मला ते लक्षात यायला नको होतं. दया आली की माझा हात हलका पडतो.

"एका दारानं रोमन थांबले असते का, वहिनी?" ते हळू म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"नसते थांबले," मी म्हटलं. ते खरंच होतं. गाव सैल झालं. कुणीतरी पोत्याजवळ सरकलं. भावजींनी खापर पुन्हा पुढं केलं, आणि त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांना वाटलं झालं. मी मडक्यावर झाकण ठेवलं. आमच्याकडं वाटसरूलाही विस्तव देतात, दारूचे बुधले घेऊन येणारे व्यापारी येतात त्यांनाही देतात. एक निखारा, एका दिवसापुरता, निजण्याआधी विझवायचा, दुसऱ्या दिवशी हवा तर पुन्हा येऊन मागायचा. तो विस्तव कुणाला कुळात घेत नाही आणि कुणाला उपाशीही ठेवत नाही. मी बानोनाला खूण केली. ती आली आणि पायाशी असलेलं पोतं तिनं उचललं, न लाजता, आणि मला तिचा अभिमान वाटला.

मी उभी राहिले. गुडघे वाजले ते सगळ्यांनी ऐकलं. म्हटलं, "तुमचं बरोबर होतं, भावजी. सगळ्या गावात तुमचं एकट्याचं बरोबर होतं, आणि ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर आम्ही तुम्हाला मारलं असतं, हेही मला कळतं. बी आम्ही घेणार. माझी सून घेणार, माझी नात खाणार, मीसुद्धा खाईन, आणि तुमचे उपकार मानणार नाही. द्यायचं नाही म्हणालात तर ही उंबऱ्यावर बसणारी मंडळी रात्रीतून तुमचं दार फोडतील, आणि त्यांना आवरायला माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून द्याल. पेरणीला या, आमच्या बरोबरीनं राबा, कुणी तुम्हाला वाकडं बोललं तर माझ्याशी गाठ आहे. पण घरचा विस्तव तुम्हाला नाही. वाटसरूचा मिळेल. रोज यायचं, मागायचा, न्यायचा, निजताना विझवायचा. मी मेले की बानोनाकडं मागा, ती मेली की सुआदाकडं. आजचा वाटून झालाय. उद्या सकाळी या."